शिवेपलीकडे कोण राहते?

आज विजयादशमी. नऊ दिवसांचे घट आज उठले असतील. परडीतल्या मातीत रुजलेले धान्याचे पिवळसर कोंब कुलदेवतेला वाहून घरच्या कर्त्या पुरुषांच्या टोपीत खोवले गेले असतील, मुलांनी पाटीवर सरस्वती रेखून तिला फुले वाहिली असतील आणि दारोदारी झेंडूची तोरणे डोलत असतील. अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर आज पहाटेपासून दर्शनाची रीघ लागली असेल. सायंकाळी शिलंगणाला जायचे, आपट्याचे सोने लुटायचे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचे आणि कोठे रावणदहन असेल तर मुलांना खांद्यावर घेऊन तेही पाहायचे, हा आपला परिपाठ. या दिवशी रामकथेचा शेवट सर्वांना आठवतो. आम्ही मात्र आमच्या वाचकांना आज त्या कथेतील अनर्थाच्या आरंभाकडे नेणार आहोत. समुद्रावर सेतू बांधला गेला, लंका जळली, दशानन धारातीर्थी पडला. या साऱ्याला निमित्त काय झाले? एक हरीण.

पंचवटीच्या पर्णकुटीसमोर मारीच सुवर्णमृगाचे रूप घेऊन बागडला, हा प्रसंग आपल्या घराघरांत लहान मुलांनाही ठाऊक आहे. आपल्याकडचे कीर्तनकार सांगतात की, सीतामाईला त्या मृगाच्या कातड्याची कंचुकी हवी होती. वाल्मीकींच्या अरण्यकांडात मात्र तिची पहिली इच्छा वेगळी आहे. ते हरीण जिवंत हाती लागावे, वनवास संपल्यावर ते अयोध्येच्या अंतःपुराची शोभा व्हावे, भरताला आणि सासूबाईंना त्याचे कौतुक वाटावे, असे तिला वाटते. जिवंत न सापडल्यास मग कातडे. विशेष असे की, आपल्या आश्रमाभोवती पुष्कळ हरणे, चमरी, वानर असे सुंदर प्राणी नित्य वावरतात, हे त्याच संवादात ती स्वतःच सांगते. पर्णकुटीच्या अंगणात चरणारी साधी हरणे होतीच. मन ओढ घेत होते ते मात्र कोठेच न दिसणाऱ्या, रत्नांच्या ठिपक्यांच्या त्या एकाकडे. असला प्राणी जगात असणे शक्य नाही, हे लक्ष्मणाने तेव्हाच सांगितले होते. जगन्मातेच्या इच्छेची चिकित्सा करण्याचा अधिकार आमच्यासारख्यांना नाही. कवीने ती इच्छा इतकी ओळखीची रेखाटली आहे की, ती वाचताना आपल्या गावातल्या बाजारपेठेतील काचेच्या पेट्या आणि पिंजरे आम्हांला आठवल्यावाचून राहत नाहीत, एवढेच आम्ही म्हणतो.

पंचवटीपासून निघालेली तीच गोदावरी पैठणच्या पुढे जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा होऊन वाहते. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांना तिचे पाणी लागते. घनसावंगी तालुक्यातल्या जांब येथे समर्थ रामदासांचा जन्म झाला, तेव्हा रामकथेशी आपले नाते केवळ पोथीचे नाही. परंतु दुर्मीळ प्राणी घरी आणण्याच्या हौसेशीही जालन्याचे एक जुने आणि फारसे कोणाला माहीत नसलेले नाते आहे. ते आम्हांला आज सांगायचे आहे.

अकबराच्या काळी जालना हे त्याच्या एका सरदाराच्या जहागिरीत होते आणि ‘ऐन-इ-अकबरी’चा कर्ता अबुल फजल काही काळ येथे राहिला होता असे सांगतात, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. त्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, १८३६ साली मद्रासला उतरलेला थॉमस जेर्डन नावाचा इंग्रजी लष्करी डॉक्टर आपल्या रिसाल्याबरोबर जालन्याच्या छावणीत आला. पुढे त्याने हिंदुस्थानातील पक्ष्यांवर आणि सस्तन प्राण्यांवर जे ग्रंथ लिहिले, ते आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतात. एक बादशहाचा इतिहासकार, दुसरा फौजेचा वैद्य. दोघांच्या लेखनात एका प्राण्याची घरगुती ओळख मोठ्या आस्थेने आली आहे. तो प्राणी म्हणजे चित्ता.

चित्ता हे नाव आपले आहे. अंगावर ठिपके असलेला तो चित्रक, त्यावरून चित्ता. पुढे साऱ्या जगाने तेच नाव उचलले. दख्खनच्या उघड्या माळांवर काळविटामागे वाऱ्यासारखा सुटणारा हा प्राणी माणसाळतो लवकर. वाघ किंवा बिबट्या यांच्याइतके त्याचे भय नसते. म्हणूनच राजेरजवाड्यांना त्याचे वेड लागले. अबुल फजलने चित्ते पकडण्याच्या रीती, त्यांच्या प्रती, प्रत्येक प्रतीला दररोज मिळणारा मांसाचा शिधा, त्यांच्या अंगावरच्या किनखापी झुली आणि रत्नजडित साखळ्या यांचे बारकाईने वर्णन केले आहे. पूर्वी खोल खड्डे खणून चित्ते पकडत. त्यात पडून त्यांचे पाय मोडत. म्हणून बादशहाने उथळ खड्ड्याची आणि वरून बंद होणाऱ्या झडपेची नवी युक्ती काढली. पूर्वी चित्त्याला शिकवायला तीन महिने लागत, ते अठरा दिवसांवर आले. समंद माणिक नावाचा बादशहाचा लाडका चित्ता चौडोलात, म्हणजे पालखीसारख्या वाहनात बसून निघे, त्याच्या बाजूने नोकर धावत आणि पुढे नगारा वाजे. दत्तकपुत्राचेही इतके लाड क्वचितच होत असतील!

जहांगीरने लिहून ठेवले आहे की, आपल्या वडिलांनी एका वेळी हजार चित्ते जमविले होते. त्यांची बागांमधून मोकळी जोडपी ठेवून पाहिली, पण पिले होईनात. जहांगीरच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, एका मादीला तीन पिले झाली; ती गोष्ट इतकी अपूर्व होती की, बादशहाने तिची आपल्या आत्मचरित्रात नोंद केली. त्यानंतर बंदिवासात चित्त्याला पिले झाल्याची नोंद सापडते ती थेट १९५६ सालची, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मधली जवळजवळ साडेतीनशे वर्षे कोरी आहेत.

या कोऱ्या पानांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. गायीला वासरू होते, शेळीला करडे होतात, तेव्हा घरची जित्राबे वाढतात आणि रानाला त्याची झळ लागत नाही. चित्त्याचे तसे नव्हते. साखळीला बांधलेला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला होता, आणि तो मेला की, त्याच्या जागी दुसरा रानातूनच धरावा लागे. त्यातही लहान पिल्लू धरून भागत नसे. शिकार करणे ते आईकडूनच शिकते, म्हणून पूर्ण वाढलेला, आईने तयार केलेला चित्ताच शिकाऱ्यांना हवा असे. चित्ते पाळण्याचाच व्यवसाय असलेले पारधी होते. माळावरच्या ज्या ठराविक झाडांपाशी चित्ते वरचेवर येतात, त्यांच्याभोवती ते फास लावून ठेवीत. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या माळावरचा नेमका वयात आलेला, वंश वाढविणारा प्राणी उचलला गेला. जेर्डनने स्वतः एक चित्त्याचे पिल्लू शिकारी कुत्र्यांच्या पिलांबरोबर वाढविले होते आणि ते पिल्लू त्यांच्याशी कसे खेळीमेळीने राहिले, हे त्याने आपल्या १८६७ च्या ग्रंथात कौतुकाने लिहिले आहे. ते वाचताना लेखकाविषयी प्रेमच वाटते. लोभ आणि प्रेम यांची येथे इतकी सरमिसळ आहे की, एकाला दोष देताना दुसऱ्याचा हात धरला जातो.

शेवटी हिंदुस्थानातले चित्ते संपत आले, पण हौस संपली नाही. १९१८ नंतर आपले संस्थानिक आफ्रिकेतून चित्ते विकत आणू लागले. १९४५ पर्यंत असे निदान दोनशे चित्ते आणले गेल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर संस्थान त्यासाठी प्रसिद्ध होते. तेथे चित्तेवान होते, चित्त्यांना माळावर नेण्यासाठी गाड्या होत्या. डोळ्यांवर झापड बांधलेला तो चित्ता हरणांचा कळप दिसला की सोडीत. पाहुणे पाहून थक्क होत. आणि त्यांतल्या फारच थोड्यांना हे माहीत असेल की, समोर धावणारे हरीण या मातीतले आहे आणि त्यामागे धावणारा परमुलखातला पाहुणा आहे. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात एका रात्रीत तीन चित्ते मारले गेले. हिंदुस्थानातले शेवटचे म्हणून त्यांचीच नोंद झाली. १९५२ साली हा प्राणी देशातून नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडले गेले. तारीख मराठवाड्याच्या मुक्तिदिनाची होती, हा योगायोग येथल्या वाचकांच्या लक्षात आला असेलच.

केवळ पाळण्याच्या हौसेने चित्ता संपला, असे म्हणणे खरे होणार नाही. बंदुका आल्या, माळ नांगरले गेले, हरणांचे कळप विरळ झाले. हे सर्व एकत्र आले. पण रान आटत असताना त्यातून उपसाही चालूच राहिला, तर काय होते हे विहिरीवर मोट चालविलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आता बादशहा नाहीत, संस्थाने नाहीत. पण समंद माणिकचा चौडोल मात्र लहान होऊन मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आला आहे. मागे जालन्यातील एका परिचितांच्या घरी आम्ही बसलो होतो. कोपऱ्यात काचेच्या पेटीत, बोटभर पाण्यात दोन हिरवी कासवे पोहत होती. कानाजवळ तांबडी रेघ, आकार रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. घरातल्या आजी म्हणाल्या, “अहो, घरात कासव असले म्हणजे लक्ष्मी टिकते म्हणतात. नातसुनेने हौसेने आणलीत. देवळात नाही का, गाभाऱ्यापुढे कासव असतेच की!” आजींच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या वेळी हसण्यावारी नेले नाही, कारण प्रश्न खरा आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा आहे.

देवळातले कासव गाभाऱ्यापुढे का असते? भगवंताने समुद्रमंथनाच्या वेळी कूर्मरूप घेऊन मंदराचल पाठीवर तोलला, हे एक कारण सांगतात. दुसरे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कासव जसे आपले अवयव आवरून घेते, तसा स्थितप्रज्ञ आपली इंद्रिये विषयांपासून आवरून घेतो, असा तो दृष्टांत. देवापुढे जाताना हाव बाहेर ठेवा, हे त्या दगडी कासवाने सांगायचे. आणि नेमके तेच घरी हवे म्हणून आपण बाजारात जायचे! घरात जिवंत कासव ठेवल्याने धन येते, ही कल्पना आम्हांला आपल्या धर्मग्रंथांत कोठे आढळली नाही. चिनी वास्तुकल्पनांबरोबर ती अलीकडे आली आणि दुकानदारांनी तिला आपल्या कूर्मावताराचे वस्त्र नेसविले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या तांबड्या रेघेच्या कासवाचे मूळ गाव अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. नाण्याएवढे पिल्लू पाहता पाहता ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे सहज जगते. पेटी अपुरी पडते, पाण्याला वास येतो. मग घरातले कोणीतरी, अगदी धर्मबुद्धीनेच, त्याला देवळाच्या कुंडात, तळ्यात किंवा नदीत सोडून येते. वर जीव सोडविल्याचे पुण्यही लागले असे समजते. येथेच खरी गोम आहे. परक्या मुलखातले हे कासव खादाड आणि काटक. तळ्यातले मासे, शेवाळ, बेडकांची पिले, बसण्याच्या उन्हातल्या जागा, सर्वांवर ते हक्क सांगते आणि आपल्याकडच्या कासवांना मागे रेटते. जगातील अत्यंत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत शास्त्रज्ञांनी त्याचे नाव घातले आहे. उलट आपल्या गोदावरीतले मऊ पाठीचे मोठे कासव, मुंबई इलाख्यातील डॉक्टर लीथ यांच्या नावाने शास्त्रात ओळखले जाणारे, केवळ दक्षिण भारताच्या द्वीपकल्पातील नद्यांमध्ये आढळते आणि आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. २०२२ साली पनामा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या व्यापाराला पूर्ण बंदी झाली. शहागडच्या घाटावर पर्वस्नानाला जाणाऱ्या किती भाविकांनी त्याचे नाव ऐकले असेल?

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले कासवही अनेक घरांत ‘शुभ’ म्हणून ठेवले जाते. ते मात्र आपल्याच देशातले, आणि ते बाळगणे हा गुन्हा आहे. २०१८ साली सिंगापुरात पकडलेली अशी ५१ कासवे विमानाने बंगळुरूला परत आणावी लागली होती. पोपटाचेही तेच. राघू हा तर आपल्या ओव्यांतला, घरोघरचा. पण तो पिंजऱ्यात जन्मत नाही. झाडाच्या ढोलीत हात घालून अर्धवट पिसे फुटलेली पिले काढतात, कित्येकदा ढोलीसकट फांदीच तोडतात. म्हणजे पुढच्या वर्षी तेथे घरटे होण्याचीही वाट बंद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि विशेषतः १९९१ नंतर, देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला आहे; तरी आठवडी बाजारात कापड झाकलेली टोपली अजून दिसते. परदेशी पक्ष्यांना हा कायदा पूर्वी लागत नसे. म्हणून राखी आफ्रिकी पोपट, रंगीत मकाव, इग्वाना, परदेशी अजगर यांची हौस बोकाळली. हा राखी पोपट इतका बोलका की, त्याच्यासाठी आफ्रिकेतली राने रिकामी झाली. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून बंदी आहे. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या कायद्यात दुरुस्ती अमलात आली आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा आंतरराष्ट्रीय यादीतील प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक झाले. चोरटी आयात मात्र चालूच आहे. जून २०२५ मध्ये मुंबईच्या विमानतळावर थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात जिवंत विषारी साप सापडले, ही बातमी पुष्कळांनी वाचली असेल. सापांची ही हौस पाहून नागपंचमीच्या गारुड्याला आपण उगाच बोल लावतो, असे आम्हांला क्षणभर वाटून गेले.

येथे कोणी म्हणेल, सर्वच पाळणारे हौशी नसतात. काही दयेपोटी पाळतात. खरे आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची कथा याच दयेची आहे. राज्य सोडून वनात गेलेल्या भरताला नदीत पडलेले हरणीचे पाडस दिसले. आई मेली होती. त्याने ते उचलले, वाढविले, आणि पुढे जप, स्नान, पूजा सारे विसरून तो त्या पाडसात इतका गुंतला की, मरताना डोळ्यांपुढे तेच होते आणि पुढचा जन्म त्याला हरणाचा मिळाला. पुराणकार त्याच्या दयेला दोष देत नाहीत. मरणारा जीव त्याने उचलला, ते योग्यच झाले. पाडस मोठे झाल्यावरही ते रानाचे आहे हे तो विसरला, तेथे चूक झाली.

जालना जिल्ह्यात ही कथा पोथीतच राहत नाही. आपल्या शिवारांत काळविटांचे कळप अजून आहेत. काळविटाची मादी व्याल्यावर पाडसाला उंच गवतात किंवा पिकात निजवून दूर चरायला जाते, आणि मधूनमधून येऊन पाजते. पहिले काही दिवस पाडस हलत नाही. हीच त्याची संरक्षणाची रीत. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या रानात कामाला गेलेल्या माणसाला ते दिसते आणि ‘आईने टाकले हो बिचाऱ्याला’ म्हणून तो ते घरी आणतो, बाटलीने गायीचे दूध पाजतो. पोरे हरखतात. हगवण लागून ते बहुधा मरते. जगले तर नर असल्यास वर्षा-दोन वर्षांत शिंगे रोखून घरच्यांवरच धावते, आणि कायद्याचा बडगा आहे तो वेगळाच. आई मात्र संध्याकाळी त्याच जागी परत आलेली असते. तेव्हा असे पाडस दिसले, ते जखमी नसले आणि जवळ कुत्री नसली, तर हात न लावता मागे सरावे. जखमी असेल, किंवा घरात आधीच एखादा वन्यजीव असेल, तर राज्याच्या वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. घरचे कासव तळ्यात सोडण्यापेक्षा तेथे विचारणे शतपटीने बरे.

आता शिलंगणाकडे वळू. सीमोल्लंघन म्हणजे गावाची शीव ओलांडणे. गावात माणसांची वस्ती, शिवेवर मारुती किंवा म्हसोबा, आणि पलीकडे रान, अशी आपल्या पूर्वजांच्या मनातली आखणी होती. वर्षातून एक दिवस साऱ्या गावाने वाजतगाजत त्या पलीकडच्या मुलखात जायचे, शमीला किंवा आपट्याला वंदन करायचे आणि उजेड असेतो परत फिरायचे. पलीकडे जे राहतात त्यांना घरी आणा, असे या विधीत कोठेच नाही. उठून आपण त्यांच्या दारी जायचे. (आपट्याच्या नावाखाली हल्ली कांचनाची झाडे ओरबाडली जातात, हा एक निराळाच विषय; त्यावर पुन्हा कधीतरी.)

पण आज शीव ओलांडून जायचे कोठे? जालना जिल्ह्याच्या साडेसात हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रात वनाच्छादन शेकडा दोनसुद्धा नाही. हे वाचून कोणी हळहळेल आणि माळावर झाडे लावायला धावेल, तर त्यांनाही थोडे थांबविले पाहिजे. आपला मुलूख मुळात दाट अरण्याचा नव्हेच, तो गवताचा. कुसळी, पवना, मारवेल, शेडा ही गवते, मध्ये बोर, बाभूळ, हिवर. त्यात काळवीट, लांडगा, खोकड, ससा, तितर आणि माळढोक. सरकारी कागदांत अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणण्याची रीत इंग्रजांपासून पडली. पडीक म्हटले की, ती कोणीही नांगरावी, तिच्यावर प्लॉट पाडावेत, रस्ते न्यावेत किंवा रांगेने परकी झाडे लावून ती ‘हिरवी’ करावी. समृद्धी महामार्ग आपल्या जालना व बदनापूर तालुक्यांतून गेला; त्याने येणेजाणे सोपे झाले, हे आम्ही नाकारीत नाही. माळढोकाचे मात्र असे झाले की, १९७९ साली त्याच्यासाठी सोलापूर-नगर भागात नान्नजचे अभयारण्य जाहीर करूनही आज महाराष्ट्रात त्याचे दर्शन जवळजवळ संपले आहे आणि साऱ्या देशात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले आहेत. त्याला कोणी पिंजऱ्यात घातले नव्हते. त्याचा माळच कोणी ठेवला नाही.

शेतकरी बांधवांचे म्हणणेही येथे ऐकले पाहिजे. हरभरा उगवून आला की, काळविटांचा कळप एका रात्रीत शेत साफ करतो, रोही कपाशी आणि तूर तुडवितात. थंडीत रात्रभर मचाणावर बसणाऱ्या माणसाला शहरातल्यांनी प्राणिदया शिकविणे शोभत नाही. पीकनुकसानीची भरपाई सरकार देते, पण पंचनामे आणि हेलपाटे ज्याने सोसले त्यालाच तिचे मोल ठाऊक. तथापि गावचे गायरान शाबूत असते, तर कळपाला चरायला दुसरी जागा राहिली असती, हेही जुनी माणसे सांगतात. गायरान गेले ते हरणांनी नेले नाही. कोणी नेले, हे प्रत्येक गावाला नावानिशी ठाऊक असते आणि ग्रामसभेत ते विचारण्याचे धैर्य मात्र थोड्यांना असते. देवीची टेकडी, म्हसोबाचा माळ, शिवेवरची चार एकर देवाची जमीन, एवढेच कोठे कोठे देवाच्या धाकाने वाचले आहे. यंदा शिलंगणाला जाणाऱ्या मंडळींनी निदान आपल्या गावच्या गायरानाच्या चतुःसीमा कोठे आहेत, एवढे तलाठ्याच्या नकाशावरून पाहून घ्यावे, असे आम्हांला सुचवावेसे वाटते.

दसऱ्याच्या दिवशी नीलकंठाचे, म्हणजे चाष पक्ष्याचे दर्शन शुभ, अशी श्रद्धा उत्तर हिंदुस्थानात आणि तेलंगणात फार जुनी आहे. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने आपल्याकडच्या काही घरांतही ती पोहोचली आहे. त्या श्रद्धेचा बाजार असा झाला की, मोठ्या शहरांत दसऱ्याच्या आधी हे पक्षी जाळ्यात धरतात, पाय बांधून किंवा पंख कापून पिंजऱ्यात घालतात, आणि पैसे घेऊन दारोदारी दर्शन घडवितात. सण उलटला की, त्यांतले बरेचसे मरतात.

वस्तुतः हा पक्षी जालन्याच्या कोणत्याही बाजूला चार-पाच कोस गेल्यास फुकट दिसतो. पिकांतले किडे, टोळ हे त्याचे खाद्य, त्यामुळे उघड्या रानाच्या कडेला विजेच्या तारेवर किंवा वाळक्या खोडावर तो एकटाच बसलेला असतो. बसलेला पाहिला तर निराशा होते; मातकट, तपकिरी, मान आखडून बसलेला पक्षी. त्याचा निळा रंग पंखांत असतो, आणि तो उडाला तरच दिसतो. मंडळींनी आज शिलंगणाला थोडे लवकर, उन्हे कलण्यापूर्वीच निघावे. सूर्य मावळल्यावर तो तारेवरून उठून झाडात जातो.